आल्प्समधलं एका दिवसाचं शिखर आणि उतरणीचा हिशोब

एप्रिल सरत आला की नागपूरचा पारा ४५ कडे धावतो आणि घराघरांत ‘यंदा कुठंतरी थंड जागी जाऊ’ हा विषय निघतो. स्वित्झर्लंडचं तिकीट बहुतेक याच गरम डोक्यानं काढलेलं असतं, आणि तेही मे महिन्याचं. रेल्वेत बसून बर्फ बघायचा असेल तर मे चालतो. पायी शिखर गाठायचं किंवा डोंगरातल्या तळ्यापर्यंत चालत जायचं असेल, तर मे साफ चुकीचा. दोन हजार मीटरच्या वरच्या पायवाटा तेव्हा बर्फाखाली असतात, तळी गोठलेली असतात आणि बरेच रोपवे देखभालीसाठी बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीचंही तेच. ऑक्टोबर संपता संपता रोपवे पुन्हा बंद पडू लागतात, नोव्हेंबरात वरच्या हॉटेलांना कुलूप लागतं. आपल्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या आल्प्सच्या हंगामात बसत नाहीत, हे आधी पचवून घ्यावं लागतं.

चालायचा खरा हंगाम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यातही आपल्याकडे पोळा, मारबत आणि तान्हा पोळा ज्या दिवसांत येतात, ते दिवस सगळ्यांत चांगले. उत्तरेकडच्या उतारांवरचा जुना बर्फ गेलेला असतो, तिथल्या शाळा सुरू होऊ लागल्यानं गर्दी ओसरते आणि जुलैच्या मानानं दुपारची वादळंही कमी होतात. मुलांच्या शाळेमुळे मे टाळताच येत नसेल, तर शिखराचा हट्ट सोडा आणि खालची तळी धरा. स्लोव्हेनियातलं ब्लेड ४७५ मीटरवर आहे, बोहिन्य ५२५ वर. जर्मनीतल्या बव्हेरियात आयबसे आहे, त्याच्या काठानं साडेसात किलोमीटरची सोपी फेरी होते. ही तळी मेमध्येही मोकळी असतात.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. घराच्या गच्चीतून दिसणारा सगळ्यांत मोठा डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स. त्यामुळे आल्प्स म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘चढणं झेपेल का?’ त्यानंतरचे प्रश्न थंडीचे आणि दम लागण्याचे. प्रत्यक्षात धडधाकट माणूस दमानं चालला तर चढून जातोच. दिवस बिघडतो तो दोन गोष्टींनी. उतरताना गुडघे आणि मांड्या जवाब देतात, आणि शेवटचा रोपवे निघून जातो. बहुतेक वेळा पहिल्यामुळेच दुसरं होतं.

फाउलहॉर्नचं गणित

एक शिखर घेऊन हिशोब मांडू. स्वित्झर्लंडमधलं ग्रिंडेलवाल्ड हे गाव १०३४ मीटरवर. तिथून रोपवेनं फर्स्ट या ठिकाणी जायचं, उंची २१६७. फर्स्टपासून रुंद, सोप्या वाटेनं पाऊण-एक तासात बाखाल्पसे हे तळं येतं, २२६५ मीटर. समोर श्रेकहॉर्न आणि फिन्स्टराआरहॉर्न ही शिखरं उभी असतात, वारा नसेल तर पाण्यात उलटी दिसतात. बहुतेक पर्यटक इथूनच फोटो काढून मागे फिरतात. तळ्याच्या पुढे वाट खरी डोंगराची होते आणि २६८१ मीटरच्या फाउलहॉर्न माथ्यावर पोचते. माथ्याखाली एक जुनं हॉटेल आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचं. फर्स्टपासून माथ्यापर्यंत अंतर साधारण साडेपाच किलोमीटर, उंची सव्वापाचशे मीटरच्या आतच.

वेळ काढायची जर्मन-ऑस्ट्रियन गिर्यारोहकांची रीत सरळ आहे. सपाटीचा वेग ताशी ४ किलोमीटर, चढण्याचा ताशी ३०० मीटर उंची, उतरण्याचा ताशी ५००. अंतराचा वेळ वेगळा काढायचा, उंचीचा वेगळा. दोन्हींतला मोठा आकडा पूर्ण घ्यायचा आणि लहान आकड्याचा निम्मा त्यात मिळवायचा. फाउलहॉर्नला अंतराचे होतात ८२ मिनिटं, उंचीचे १०४. म्हणजे १०४ अधिक ४१, जवळपास दोन तास पंचवीस मिनिटं. उतरताना अंतराचे तेच ८२ आणि उंचीचे ६२, म्हणजे ८२ अधिक ३१, एक तास त्रेपन्न मिनिटं. नीट बघा: उतरायला चढण्याच्या निम्मा वेळ लागेल असा आपला मनातला अंदाज असतो, तो इथे साफ फसतो. चढायला १४५ मिनिटं, उतरायला ११३. फरक फक्त अर्ध्या तासाचा.

स्वित्झर्लंडच्या पिवळ्या पाट्यांवर जो वेळ लिहिलेला असतो, तोही निव्वळ चालण्याचा असतो. पाणी प्यायला, फोटोला, बुटाची लेस बांधायला, मुलाला शी लागली म्हणून थांबायला त्यात एक मिनिटही धरलेलं नसतं. नागपूरहून पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबानं पाटीवरच्या वेळेला दीडनं गुणावं आणि मग वर जेवणाचा पाऊण तास धरावा. फाउलहॉर्नचे चार तास वीस मिनिटं असे साडेसहा होतात, जेवण धरून सव्वासात. फर्स्टहून सकाळी नऊला निघालात तर सव्वाचारला परत. तर्री-पोहे हाणून साडेअकराला निघालात तर पावणेसात वाजतात, आणि तोवर शेवटचा रोपवे बहुधा गेलेला असतो.

रोपवेच्या खालच्या स्टेशनावर ‘लेट्स्टे टालफार्ट’ अशी पाटी असते. खाली येणारी शेवटची फेरी, असा तिचा अर्थ. तिची वेळ महिन्यागणिक बदलते, ऑगस्टची वेळ सप्टेंबरअखेरीस लागू नसते. वर जाण्याआधी त्या पाटीचा मोबाईलमध्ये फोटो काढा आणि त्या वेळेतून उलटा हिशोब करा. शेवटच्या फेरीआधी एक तास स्टेशनावर, त्याआधी उतरणीचा दीडपट वेळ, म्हणजे माथा अमुक वाजता सोडायचाच. ही वेळ झाली की माथा दहा मिनिटांवर असला तरी मागे फिरायचं. रोपवे चुकला तर फर्स्टहून ग्रिंडेलवाल्डपर्यंत आणखी अकराशे तेहतीस मीटर पायी उतरावं लागतं. दिवसभर चालून थकलेल्या पायांनी याला सहज तीन तासांच्या वर लागतात, आणि तेही उजेड असला तर.

याच डोंगरधारेवरची मोठी वाट श्यिनिगे प्लाट्टेहून निघून फाउलहॉर्नवरून फर्स्टला उतरते. सुमारे १६ किलोमीटर, निव्वळ चालण्याचे सहा तास. विल्डर्सविलहून श्यिनिगे प्लाट्टेला १८९३ पासूनची दाती रेल्वे (दातेरी रुळावरून चढणारी) जाते, तीच रमतगमत पाऊण-एक तास घेते. आल्प्समधल्या एका दिवसाच्या वाटांत ही आमच्या मते सगळ्यांत सुंदर, पण पहिल्या एक-दोन गाड्यांपैकी एक पकडता आली तरच. पहिल्या दिवशी तर मुळीच नको.

उतरणीची तयारी सपाट गावात

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना ताणला जात असतानाच वजन पेलतो. ब्रेक दाबून धरलेल्या गाडीसारखं. या दुसऱ्या प्रकारच्या कामानं स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते, आणि दुखणं त्याच दिवशी नाही तर चोवीस ते बहात्तर तासांत वर येतं. नागपूरच्या माणसाला या कामाची सवयच नसते, कारण शहरात उतार नाही आणि इमारतीत लिफ्ट आहे. अंबाझरीच्या काठानं रोज सहा किलोमीटर चालणारा माणूस दमछाकीत कमी पडत नाही. पण पहिल्याच दिवशी हजार मीटर उतरला की दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना ओरडतो.

चांगली बातमी ही की एकदा मध्यम उतरण झाली की पुढचे काही आठवडे स्नायू बऱ्यापैकी तयार राहतात. म्हणून तयारी उतरण्याची करायची. दहा मजली इमारत मिळाली तर एक मजला तीन मीटर धरा, तळापासून वरपर्यंत ३० मीटर. दहा फेऱ्या म्हणजे ३०० मीटर. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. सुरुवात पाच फेऱ्यांनी, शेवटच्या आठवड्यांत वीस फेऱ्या आणि पाठीवर एकेक लिटरच्या पाच बाटल्या. यात बहुतेकांची एकच चूक होते. जिन्यानं वर जातात आणि लिफ्टनं खाली येतात. मग जो व्यायाम हवा होता तोच राहून जातो. उतरा जिन्यानंच, आणि धावत नाही. पाऊल टेकेपर्यंत मनात तीन अंक मोजत. वॉचमन विचारेल, ‘काऊन भाऊ, लिफ्ट बंद आहे का?’ तर हाव म्हणून मोकळे व्हा.

जिन्यांची पायरी सारखी असते, डोंगराची नसते. त्यामुळे शेवटच्या महिन्यात एकदा तरी ओबडधोबड वाटेवर जाऊन यायला हवं. रामटेकचा गड जवळ आहे, पण उंची थोडी. पचमढीचा चौरागड जास्त उपयोगी, सुमारे १३०० पायऱ्या आणि वर त्रिशूळांचा ढीग. नागद्वारच्या यात्रेला नागपंचमीच्या सुमाराला पावसात, चिखलात, निसरड्या दगडांवरून जाणाऱ्या वैदर्भीय भाविकांना तर आल्प्सची लाल-पांढऱ्या खुणेची डोंगरी वाट अवघड वाटायचं काही कारण नाही. सातपुड्यातलं सगळ्यांत उंच धूपगड १३५२ मीटरचं, म्हणजे आल्प्समध्ये झाडांच्या पट्ट्यातच राहील. पण पायाला उंचीचा आकडा कळत नाही, उतार कळतो.

काठ्या दोन घ्या, एक नाही. चढताना आखूड, उतरताना पाच ते दहा सेंटिमीटरनं लांब, म्हणजे खालच्या पायरीवर काठी आधी टेकते आणि गुडघ्यावरचा भार हातांत येतो. पिळून घट्ट करायच्या काठ्या ओल्या हातानं सरकतात आणि नेमक्या उतारावर आत जातात. खिट्टी दाबून बसणाऱ्या घ्या. विमानात त्या चेक-इन सामानातच टाका.

बूट माळ्यावरून काढलेले असतील तर

हा भाग नीट वाचा, कारण यातला घोटाळा वर गेल्यावरच कळतो. चांगल्या ट्रेकिंग बुटाच्या तळात रबर आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या ओलाव्यानं हा थर हळूहळू कुजतो. बूट वापरला नाही तरी कुजतो, उलट डब्यात बंद ठेवला तर जास्तच. नागपूरचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा, त्यात माळ्यावरची कोंदट जागा. पाच-सात वर्षांपूर्वी हिमालयाला म्हणून घेतलेले, दोनदाच घातलेले, दिसायला कोरे बूट आल्प्समध्ये दोन तास चालले की तळ चपलेसारखा लोंबायला लागतो. पुढचा सोडला की मागचा.

निघण्याच्या दोन महिने आधी बूट काढा. तळाच्या कडेचा मऊ थर अंगठ्यानं जोरात दाबा. भुगा पडला, चिकट लागला किंवा बूट वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या तर ते बूट रिटायर करा. मोच्याकडून चिकटवून घेतलं तरी उपयोग नाही, कारण गोंद ज्याला धरणार तोच थर पिठासारखा झालेला असतो. काठीच्या दांड्याला रुंद चिकटपट्टी, दोन मीटर लांबीची, गुंडाळून ठेवा. वाटेत तळ निघालाच तर बुटाला आडवी-उभी गुंडाळून रोपवेपर्यंत येता येतं.

नवे घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि जाड मोजे घेऊन जा. लेस न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टोकाला लावा. टाचेमागे एक बोट आरामात गेलं पाहिजे. ही जागा उतरताना लागते. ती नसली तर अंगठ्याचं नख प्रत्येक पावलाला टोकावर आपटतं, संध्याकाळी काळं पडतं आणि महिन्याभरात गळून जातं. निघण्याआधी नखं कापलेली हवीत. उतार सुरू होण्याआधी एकदा थांबून लेस पुन्हा बांधायची: घोट्याच्या वाकावर लेस दोनदा एकमेकींत गुंडाळून घट्ट ओढायची, मग वरच्या हुकांत घालायची. पाय मागे धरला जातो, पुढे घसरत नाही. एवढी दोन मिनिटं बहुतेक जण देत नाहीत.

रस्त्यावर धावायचे बूट रुंद, पिवळ्या पाटीच्या वाटेला चालतात. ओल्या गवतावर आणि झिजलेल्या चुनखडीवर ते तेलावर ठेवल्यासारखे सरकतात.

रंग काय सांगतात

स्वित्झर्लंडमध्ये साधी पिवळी खूण म्हणजे कोणीही चालावं अशी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट: काही ठिकाणी अरुंद, खडी, एका बाजूला दरी. पाऊल स्थिर हवं आणि उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की मागे फिरायचं, ती वाट हिमनदीवरून, घसाऱ्यावरून किंवा हात वापरून चढायच्या कातळावरून जाते. नकाशांत आणि वर्णनांत टी १ (सगळ्यांत सोपी) ते टी ६ (सगळ्यांत अवघड) अशी श्रेणी येते. पहिल्या दोन दिवसांत टी २ च्या पुढे जाऊ नका. सह्याद्रीत रॉकपॅच केलेल्यांना टी ३ जमेल, पण तोही हवा कोरडी असताना.

ऑस्ट्रियात रंगांचा अर्थ वेगळा. तिथे डोंगरवाटेवर निळा म्हणजे सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये टाळायचा निळा इथे सगळ्यांत सोपा. दोन्ही देश एकाच सहलीत करणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. इटलीत वाटांच्या वर्णनांत टी, ई, ईई अशी अक्षरं असतात, ईई म्हणजे सरावलेल्यांसाठी, आणि ईईए म्हणजे लोखंडी दोराची वाट, तिला हार्नेस आणि हेल्मेट लागतं.

दुपारचं आभाळ

उन्हाळ्यात आल्प्समध्ये सकाळ निळी असते. अकराच्या सुमाराला डोंगरमाथ्यांवर कापसाचे पुंजके धरू लागतात. ते रुंद होत गेले तर ठीक, पण फुलकोबीसारखे उंच वाढू लागले तर दोन-तीन तासांत गडगडाट. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. धार, माथा, एकटं झाड, लोखंडी दोर सोडायचे. उघड्यावरच अडकलात तर सॅकवर पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. काठ्या दूर ठेवायच्या. पण खरा उपाय हाच की दुपारी एकपर्यंत माथा सोडलेला असावा. पुन्हा घड्याळच.

थंडीचं गणित सोपं. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. ग्रिंडेलवाल्डला २२ असेल तर फाउलहॉर्नवर ११, आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा असला तर अंगाला ७ सारखं लागतं. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे तळ्याच्या काठी स्कूटरवर बसल्यासारखं, त्यात भर म्हणजे चढून आल्यानं बनियन ओलं. म्हणून सुती बनियन, सुती टी-शर्ट आणि जीन्स हॉटेलातच राहू द्या. आत पॉलिस्टरचा पातळ टी-शर्ट, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. घाम येण्याआधी एक थर काढायचा, गार लागण्याआधी एक चढवायचा. दुचाकीवरचा रबरी रेनकोट आतून इतका भिजवतो की पाऊस बरा. माकडटोपीला हसू नका, सॅकमध्ये ती आणि हातमोजे ऑगस्टमध्येसुद्धा हवेत. १३ जुलै २००८ ला जर्मनीच्या झुगस्पिट्झे (२९६२ मीटर) या डोंगरावरच्या पळण्याच्या शर्यतीत अचानक बर्फ आणि वारा सुटला. तोकड्या कपड्यांतल्या अनेकांचे हाल झाले, दोघं दगावले. महिना जुलैच होता.

ऊन उलटं फसवतं. हवेत १२ अंश असतात म्हणून जाणवत नाही, पण दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. आपल्याला पंचेचाळीसच्या उन्हात सावलीत पळायची सवय असते, तिथे मात्र माणूस मजेत उघड्यावर बसून राहतो. कान, मान आणि नाकाखालची बाजू सोलून निघते.

उंचीची हवा एक दिवसाच्या या वाटांवर फारशी त्रास देत नाही. २५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश राहतो, म्हणून दम लवकर लागतो, एवढंच. पहिल्याच दिवशी रेल्वेनं युंगफ्राउयोखला (३४५४ मीटर) किंवा रोपवेनं एग्वी द्यु मिदीला (३८४२) गेलात तर डोकं दुखू शकतं. ही उंच स्टेशनं सहलीच्या शेवटी ठेवा.

तळी, आवडीनुसार

फ्रान्समधल्या शामोनीचं लाक ब्लाँ (२३५२ मीटर) मों ब्लाँच्या बरोबर समोर. फ्लेजेरपर्यंत रोपवे, मग पावणेपाचशे मीटरची चढण, दोन तास धरा. जुलैच्या सुरुवातीला वरच्या टप्प्यात बर्फाचे पट्टे असतात, सकाळी ते काचेसारखे कडक असतात. तिथेच जायची दुसरी वाट लोखंडी शिड्यांवरून जाते, उंचीची भीती असलेल्यांनी ती घेऊ नये.

स्वित्झर्लंडमध्ये झरमाटची पाच तळ्यांची वाट ब्लाउहर्ड ते सुनेगा, दहा किलोमीटरच्या आसपास आणि बरीचशी उताराची. पाचांपैकी तिनांत मॅटरहॉर्नचं प्रतिबिंब दिसतं. ते बघायचं तर स्टेलिसे या पहिल्या तळ्यावर पहिल्या रोपवेनं पोचायला हवं. ऊन चढलं की दरीतली हवा तापून वर सरकू लागते, पाण्यावर लहरी उठतात आणि आरसा मोडतो. दहानंतर आलेल्यांना फक्त तळं मिळतं.

ओशिनेनसे (१५७८ मीटर) कांडरश्टेगच्या वर, लहान मुलांसह जाण्याजोगं. रोपवेच्या वरच्या स्टेशनाहून थेट तळ्यावर न जाता ह्यॉयबर्गच्या वाटेनं ओबरबेर्गलीपर्यंत जाऊन काठावर उतरलात तर तळं वरून दिसतं, फोटोत असतं तसं. समोरच्या श्पिट्झे श्टाय या उतारावर दरडीची हालचाल चालू असल्यानं त्या बाजूच्या काही वाटा बंद ठेवलेल्या असतात. दोरी ओलांडून जाणारे दिसले तरी त्यांच्या मागे जाऊ नका.

आपेन्झेलमधलं झेआल्पसे (११४३ मीटर) वासराउएनहून तासाभरात होतं. तिथे एबेनआल्पहून कड्याला चिकटलेल्या एशर या उपाहारगृहावरून खाली उतरायची टूम आहे. फोटो मोहक, पण वाट खडी आणि चुनखडी घासून गुळगुळीत झालेली. या भागात पडून माणसं मेली आहेत. पाऊस झाला असेल तर एशर बघून एबेनआल्पलाच परत जा, आणि तळ्याला वासराउएनहून.

इटलीतल्या डोलोमाइटमधलं सोरापिसचं तळं (१९२५ मीटर) दुधाळ निळं आहे, कारण हिमनदीनं दळलेली दगडाची बारीक पूड पाण्यात तरंगत राहते. वाट क्रमांक २१५, त्रे क्रोची खिंडीतून. उंचीचा फरक थोडा, पण मध्ये अरुंद कडेवर दोर आणि लोखंडी पायऱ्या आहेत. ऑगस्टमध्ये त्याच पायऱ्यांवर दोन्हीकडून रांगा लागतात. एखाद्याला गर्दीतच चक्कर येते, मग सगळेच अडकतात.

उतरणीचीच भीती असेल तर ऑस्ट्रियातला शाफबेर्ग (१७८३ मीटर) करा. सेंट वोल्फगांगच्या तळ्याकाठून बाराशेहून जास्त मीटर चढायचं आणि १८९३ पासूनच्या दाती रेल्वेनं खाली यायचं. उतरायचं तिकीट मात्र आधी काढून ठेवा, जागा भरतात.

डबा, गायी, मदत

खव्याची संत्रा बर्फी घेऊन जायचा मोह होतो. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ खाजगी सामानातून न्यायला बंदी आहे. खव्याची बर्फी त्यात मोडते. ताजी संत्रीही नाहीत: रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर चालतात. तेव्हा भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, तेलावरचा चिवडा, कोरडी शेंगदाण्याची चटणी. ब्रेड तिथे घ्या. वरच्या उपाहारगृहांत रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा पदार्थ) मागितली तर त्यात डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात, ‘ओने श्पेक’ म्हणजे त्याशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. थोडी रोकड ठेवा.

पाणी माणशी दीड-दोन लिटर. आपल्याला तहान लागली की पाणी प्यायची सवय, थंडीत तहान लागतच नाही आणि तीनला पायात गोळे येतात. दर अर्ध्या तासानं चार घोट. गावातल्या कारंज्याचं पाणी चालतं, ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नव्हे) लिहिलं असेल तर नाही. गायी चरतात त्याच्या खालच्या ओढ्याचं तर नाहीच.

आणि गायी. आपण बर्डीच्या रस्त्यात बसलेल्या गायीला थोपटून पुढे जाणारी माणसं. आल्प्सच्या कुरणांत वासरांसोबतच्या गायी मोकळ्या असतात आणि वासराजवळ आलेल्या माणसावर खरोखर धावून जातात. कळपाच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घालायचा, वासराचा फोटो काढायला जवळ जायचं नाही. फाटक उघडलं तर मागे लावायचं. पातळ पांढऱ्या तारेत वीज असते.

मदतीसाठी सगळीकडे ११२. स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचाव १४१४, ऑस्ट्रियात डोंगरी बचाव १४०. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा वेळा शिटी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. हेलिकॉप्टर आलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, नको असेल तर एक वर, एक खाली. सवयीनं हात हलवून टाटा करू नका. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच, पण त्यात डोंगरावरून उचलून आणायचा खर्च आहे का आणि उंचीची काही मर्यादा आहे का, हे पॉलिसीतल्या बारीक अक्षरांत बघून घ्या.

क्रम असा लावा. पहिल्या दिवशी तळं, तेही तीनशे मीटरच्या आत उतरण असलेलं. दुसरा दिवस बोटीला किंवा रेल्वेला. शिखर तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी सकाळी हॉटेलचा जिना कठडा धरून, लागलं तर उलट्या पावलांनी उतरा. बाजूनं जाणारे तिथलेही बरेच जण त्या दिवशी तसेच उतरत असतात.